लाखेच्या तबकडीवरील वाद्यवृंद : सी. रामचंद्र, मुंबईचे जॅझ बँड आणि ध्वनिमुद्रिका-संग्रहाचे ऐतिहासिक मूल्य

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की आपल्यासमोर प्रामुख्याने कागदपत्रे, शिलालेख, नाणी आणि बखरी येतात. विसाव्या शतकाच्या इतिहासासाठी ध्वनिमुद्रिका हेही तितकेच महत्त्वाचे साधन आहे, ही जाणीव मात्र आपल्याकडे अद्याप पुरेशी रुजलेली नाही. घरातील जुन्या तबकड्या एक तर स्मरणरंजनाचा विषय होतात किंवा रद्दीत जातात. प्रस्तुत निबंधात अशा एका संग्रहविषयाचा विचार केला आहे, जो प्रथमदर्शनी आपल्या जिल्ह्यापासून फार दूरचा वाटेल. तो विषय म्हणजे बिग बँड पद्धतीच्या जॅझ संगीताच्या ध्वनिमुद्रिका.

हे अंतर वस्तुतः फार नाही. हिंदी चित्रपटसंगीतात बिग बँडचा नाद ज्यांनी सर्वाधिक लोकप्रिय केला ते सी. रामचंद्र, म्हणजेच रामचंद्र नरहर चितळकर, यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी गोदावरीकाठच्या पुणतांबे येथे झाला. तत्कालीन अहमदनगर आणि २०२४ मधील नामांतरानंतरचा अहिल्यानगर जिल्हा हे त्यांचे जन्मस्थान. चांगदेवांच्या समाधीसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावातून निघालेला एक तरुण पंडित विनायकबुवा पटवर्धन यांच्यासारख्या गुरूंकडे रागसंगीत शिकतो आणि पुढे ट्रम्पेट, सॅक्सोफोन व क्लॅरिनेट यांच्या मेळातून आपली ओळख निर्माण करतो, ही घटना सांस्कृतिक इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून विचार करावा अशी आहे. हे परिवर्तन कोणाच्या साहाय्याने घडले, या प्रश्नाचे उत्तर छापील साधनांत त्रोटक मिळते. ते अधिक विस्ताराने तबकडीच्या खाचांत मिळते, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बिग बँड : संकल्पना आणि स्वरूप

बिग बँड म्हणजे साधारणतः बारा ते अठरा वादकांचा संच. त्यात सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन यांचे तीन स्वतंत्र गट असतात. पियानो, बास, गिटार व ड्रम यांचा चौथा गट लय सांभाळतो. छोट्या जॅझ संचात बहुतेक वादन उत्स्फूर्त असते. बिग बँडमध्ये इतक्या वादकांना एकत्र चालवायचे असल्याने प्रत्येकाचा भाग आधी लिहून काढावा लागतो. हे लेखन करणारा तो अरेंजर, म्हणजे संगीत संयोजक. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये फ्लेचर हेंडरसन आणि डॉन रेडमन यांनी या लेखनाची घडी बसवली. एका गटाने स्वरवाक्य टाकावे, दुसऱ्याने त्याला उत्तर द्यावे आणि या सवालजवाबातून लयीचा झोका वाढत जावा, हे तिचे मुख्य सूत्र होय.

मराठी श्रोत्यास हे सूत्र अपरिचित वाटू नये. शाहिराच्या ओळीला झीलकऱ्यांनी दिलेली साथ आणि कीर्तनकारामागे टाळकऱ्यांनी उचललेले ध्रुपद यांत सवालजवाबाचे हेच तत्त्व आढळते. अर्थात साम्य दाखविणे आणि प्रभाव सिद्ध करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोवाड्यातून सी. रामचंद्रांचा बँड निघाला असे म्हणण्यास आधार नाही. ज्या श्रोतृवर्गाने त्यांची ही गाणी डोक्यावर घेतली, त्याच्या कानाला ही रचना परकी का वाटली नाही, याचे अंशतः स्पष्टीकरण मात्र या साम्यातून मिळते.

मुंबईतील जॅझ आणि गोमंतकीय वादक

मुंबईत या संगीताची प्रतिष्ठापना १९३५ साली झाली असे म्हणता येईल. त्या वर्षी कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक लिऑन ॲबी यांचा बँड ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. त्यांच्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनी हा वारसा चालविला. स्वदेशातील वर्णभेदाने गांजलेल्या या कलावंतांना वसाहतीच्या राजधान्यांतील आलिशान हॉटेलांत मानाचे स्थान मिळत होते, तर त्याच हॉटेलांबाहेर हिंदी माणूस दुय्यम ठरत होता. या विसंगतीकडे इतिहासकाराने दुर्लक्ष करू नये.

या अमेरिकन वादकांकडून प्रत्यक्ष संस्कार घेतले ते गोमंतकीयांनी. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चशी संलग्न शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचणे आणि व्हायोलिनसारखी वाद्ये वाजविणे शिकविले जाई. रोजगारासाठी मुंबईत येऊन गावोगावच्या कुडांत राहणाऱ्या या तरुणांजवळ एक दुर्मीळ कौशल्य होते : समोर ठेवलेला लिखित कागद पाहून ते तत्काळ वाजवू शकत. हॉटेल, क्लब, मूकपटांची चित्रगृहे आणि लष्करी बँड या सर्वांना अशा वादकांची गरज होती. मिकी कोरिया यांचा बँड १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजमध्ये वाजत होता. आल्दोना गावचे अंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवीत आणि लुई आर्मस्ट्राँग यांच्याशी त्यांची तुलना होई.

स्वातंत्र्यानंतर या व्यवसायाचे अर्थकारण पालटले. नृत्यगृहांचा युरोपीय ग्राहक मायदेशी गेला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने रात्रीच्या करमणुकीला मोठा फटका बसला. याच काळात हिंदी चित्रपटसृष्टी वाढत होती आणि तिला मोठ्या वाद्यवृंदांची भूक लागली होती. हॉटेलचा मंच सोडून वादक ध्वनिमुद्रण कक्षाकडे वळले. फाळणीनंतर लाहोरहून आलेले सेबास्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड आणि चिक चॉकलेट ही मंडळी संगीत दिग्दर्शकांची संयोजक किंवा सहाय्यक झाली. दिग्दर्शक पेटीवर चाल ऐकवीत आणि संयोजक ती पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवून घेत. मधले वाद्यखंड, प्रतिस्वर आणि स्वरसंवाद हे बहुशः त्यांच्या लेखणीतून येत. काम संपले की स्वरलिपीचे कागद निरुपयोगी ठरत आणि त्यांतील बहुतेक नाहीसे झाले. उरली ती तबकडी.

वेष्टन आणि खाच : एका साधनातील दोन साक्षी

ध्वनिमुद्रिकेचा साधन म्हणून विचार करताना एक भेद लक्षात घ्यावा लागतो. तबकडीच्या मध्यभागी चिकटवलेले कागदी लेबल ही एक साक्ष आणि तिच्या खाचांतील ध्वनी ही दुसरी. या दोन साक्षी नेहमी जुळतातच असे नाही.

चित्रपटगीताच्या तत्कालीन लेबलावर चित्रपटाचे नाव, गायकाचे नाव आणि संगीत दिग्दर्शकाचे नाव असे. कोण कोणत्या वाद्यावर होते, संयोजन कोणी लिहिले, याचा उल्लेख नसे. गायकांनाही आपले नाव लेबलावर सहज मिळाले नव्हते. ‘महल’ (१९४९) मधील गाजलेल्या गीताच्या मूळ तबकडीवर लता मंगेशकरांऐवजी चित्रपटातील पात्राचे ‘कामिनी’ हे नाव छापले गेले होते. गायकांनी यथावकाश ही लढाई जिंकली. वादक आणि संयोजक यांच्यापर्यंत मात्र ती पोहोचलीच नाही. उलट सी. रामचंद्र हे दिग्दर्शक म्हणून एका नावाने आणि गायक म्हणून ‘चितळकर’ या दुसऱ्या नावाने असे एकाच लेबलावर दोनदा भेटतात. एका व्यक्तीला दोन नावे आणि पंधरा-वीस वादकांना एकही नाही, असे या कागदी साक्षीचे स्वरूप आहे.

येथे अमेरिकेतील जॅझ-संग्राहकांचा दाखला उद्बोधक ठरेल. तेथेही तबकडीवर केवळ बँडप्रमुखाचे नाव असे. परंतु फ्रेंच अभ्यासक शार्ल दलोने यांनी १९३६ साली ‘हॉट डिस्कोग्राफी’ प्रसिद्ध केली आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणात कोण वादक होते याची नोंद करण्याची परंपरा सुरू झाली. संग्राहक हयात वादकांना गाठून तबकड्या ऐकवीत, नावे विचारीत आणि मॅट्रिक्स क्रमांकांवरून तारखा ठरवीत. बेनी गुडमन यांच्या यशामागे फ्लेचर हेंडरसन यांचे संयोजन होते, ही गोष्ट आज सर्वमान्य आहे. एका गोऱ्या बँडप्रमुखाच्या कीर्तीतील कृष्णवर्णीय संयोजकाचा वाटा ठरविण्याचे हे काम पुष्कळ अंशी संग्राहकांच्या चिकाटीवर उभे राहिले.

आपल्याकडे हरमंदिरसिंग ‘हमराज’ यांच्या ‘हिंदी फिल्म गीत कोश’ या सूचीने गीतांची व तबकडी-क्रमांकांची नोंद करून मोलाची पायाभरणी केली. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने सुरेश चांदवणकर यांच्या पुढाकाराने तबकड्यांच्या अभ्यासाला दिशा दिली. वादकांच्या वाट्याचा शोध ग्रेगरी बूथ यांच्या ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) आणि नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) या ग्रंथांनी घेतला. तोपर्यंत पुष्कळ साक्षीदार काळाच्या पडद्याआड गेले होते. मनोहारी सिंग २०१० मध्ये, मिकी कोरिया २०११ मध्ये आणि अँथनी गोन्साल्विस २०१२ मध्ये निवर्तले.

संग्रहणीय ध्वनिमुद्रिका : एक निवड

या पार्श्वभूमीवर, ज्या ध्वनिमुद्रिका संग्रही असाव्यात असे प्रस्तुत लेखकास वाटते त्यांचा क्रमशः विचार करू. ही निवड आवडीची आहेच. परंतु प्रत्येक तबकडी वरील इतिहासाचा एकेक टप्पा सिद्ध करते, हाही तिचा निकष आहे.

प्रथम स्थान क्रिकेट स्मिथ यांच्या संचाने १९३६ मध्ये मुंबईत ‘रेक्स’ लेबलसाठी वाजविलेल्या ‘ताजमहाल’ या फॉक्सट्रॉटला द्यावे लागेल. रचना मेना सिलास या मुंबईकराची आणि वादन अमेरिकन बँडप्रमुखाचे, असा हा योग आहे. मुंबईत जॅझ केवळ आयात होत नव्हता, येथे त्याची निर्मितीही होत होती, याचा हा ठोस पुरावा होय.

दुसरी तबकडी ‘शहनाई’ (१९४७) मधील ‘संडे के संडे’ या गीताची. स्वातंत्र्याच्या वर्षातील या गीताने लोकप्रियता आणि टीका दोन्ही भरपूर मिळविली. पाश्चात्त्य नृत्यसंगीताचा थिल्लर अवतार म्हणून अशा गीतांकडे पाहणारा एक मोठा सुशिक्षित वर्ग होता. पुढे १९५२ नंतर बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, त्यामागे हीच अभिरुचीची भूमिका होती. या वादात टीकाकार आणि ज्यांच्यावर टीका झाली ते संगीतकार असे दोघेही मराठी होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

तिसरी तबकडी ‘समाधी’ (१९५०) मधील ‘गोरे गोरे’ या गीताची. या चालीचे मूळ ‘डॉल फेस’ (१९४५) या अमेरिकी चित्रपटात कार्मेन मिरांडा यांनी गायिलेल्या गीतात आहे. मूळ गीत आणि हे गीत लागोपाठ ऐकल्यास उसनवारी कोठे थांबते आणि स्वतंत्र संयोजन कोठे सुरू होते, हे वर्गात विद्यार्थ्यांनाही दाखविता येते. असे तुलनात्मक श्रवण हा संग्रहाचा मोठा शैक्षणिक लाभ आहे.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा संच ‘अलबेला’ (१९५१) चा. गिरणी कामगाराच्या घरातून आलेले मास्टर भगवान हे दिग्दर्शक व नायक, सी. रामचंद्र हे संगीतकार आणि चिक चॉकलेट हे त्यांचे सहाय्यक, असा हा त्रिवेणी योग. ‘शोला जो भडके’ ऐकताना बोंगोच्या ठेक्यावर क्लॅरिनेट व ब्रासचे गट एकमेकांना उत्तर देतात आणि त्यांच्यामधून लता मंगेशकर व चितळकर यांचे स्वर सहज वाट काढतात. हॉटेलातील नृत्यसंगीत आणि चित्रपटगीत यांचा सांधा येथे पूर्णपणे जुळला आहे. याच चित्रपटातील एका गीतात चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड पडद्यावर प्रत्यक्ष दिसतो. लेबलाने नाकारलेली साक्ष येथे कॅमेऱ्याने नोंदवली आहे. म्हणूनच ‘अलबेला’ची तबकडी आणि चित्रपट ही जोडसाधने मानावीत.

‘अलबेला’च्या शेजारी त्याच वर्षीचा ‘नादान’ ठेवावा. तलत महमूद यांनी गायिलेल्या ‘आ तेरी तस्वीर’ या गीताचे संगीत स्वतः चिक चॉकलेट यांचे आहे. ट्रम्पेटवादक म्हणून गाजलेल्या या कलावंताने येथे संयत गझलसदृश चाल दिली आहे. गोमंतकीय वादकांना केवळ पाश्चात्त्य ठेका अवगत होता आणि भारतीय भावसंगीत नव्हते, हा समज ही एक तबकडी दूर करते.

याच्या उलट बाजूने ‘अनारकली’ (१९५३) संग्रही असणे आवश्यक आहे. बँडचा मागमूस नसलेल्या, रागाधारित चालींच्या या ध्वनिमुद्रिका सी. रामचंद्रांच्या स्वतंत्र प्रतिभेची साक्ष देतात. अलीकडे संयोजकांना न्याय देण्याच्या भरात ‘सारे काही त्यांनीच केले, दिग्दर्शक नाममात्र होते’ असाही सूर निघतो. ‘अलबेला’ आणि ‘अनारकली’ एकत्र ठेवल्या की हा सूर टिकत नाही. चाल देणाऱ्याची आणि तिला वाद्यमेळाचे अंग देणाऱ्याची अशा दोन स्वतंत्र प्रतिभा होत्या, हेच दिसून येते.

सहावी तबकडी ‘आशा’ (१९५७) मधील ‘ईना मीना डीका’ ही होय. रॉक अँड रोलच्या आगमनाची नांदी म्हणून तिचा उल्लेख होतो, तथापि तिच्यातील ब्रास गटांची बांधणी बिग बँडचीच आहे. त्यातील ‘माका नाका’ हे शब्द कोकणी असून ते सी. रामचंद्रांचे गोमंतकीय सहाय्यक जॉन गोम्स यांच्याकडून आले, असे सांगितले जाते. ही आख्यायिका ग्राह्य धरल्यास संयोजकांच्या अनाम जगातून दोन शब्द खुद्द गीतात उतरले, असे म्हणावे लागेल.

विनाइलच्या युगातील प्रतिनिधी म्हणून शंकर-जयकिशन व सतारवादक रईस खाँ यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ (१९६८) ही लाँगप्ले तबकडी घ्यावी. अकरा रागांवर आधारलेल्या या प्रयोगात मनोहारी सिंग, जॉन परेरा, लेस्ली गोदिन्हो आणि तबलावादक रमाकांत म्हापसेकर आदींचा सहभाग होता. संच बिग बँडपेक्षा लहान आहे. परंतु गाणे बाजूला सारून वादकच येथे प्रथमस्थानी आले, हे तिचे महत्त्व.

तुलनेसाठी अमेरिकेतील तीन लाँगप्ले तबकड्या पुरेशा आहेत. बेनी गुडमन यांची १९३८ ची कार्नेगी हॉल येथील मैफल १९५० मध्ये लाँगप्लेवर आली. तीन मिनिटांच्या तबकडीत न मावणारा बँडचा खरा आवाका तिच्यामुळे लोकांसमोर आला. ड्यूक एलिंग्टन यांची १९५६ ची न्यूपोर्ट येथील मैफल ही दुसरी. १९६३ साली एलिंग्टन यांचा बँड भारतात आला होता आणि त्या प्रवासातील ठशांवर त्यांनी व बिली स्ट्रेहॉर्न यांनी ‘फार ईस्ट स्वीट’ ही रचना केली. १९६६ च्या अखेरीस मुद्रित झालेल्या या तिसऱ्या तबकडीत दिल्लीतील एका पक्ष्याची शीळ क्लॅरिनेटवर उतरली आहे. १९३५ मध्ये सुरू झालेला प्रवास येथे उलट दिशेने पूर्ण होतो.

संग्रह आणि जतन : काही व्यावहारिक बाबी

वरील चित्रपटगीते मूळतः मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्यांवर निघाली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे सव्वातीन मिनिटेच मावत. त्यामुळे गीताची लांबी, मधल्या वाद्यखंडांची संख्या आणि कधी कधी तबकडीसाठी केलेले वेगळे ध्वनिमुद्रण, या सर्वांवर माध्यमाची मर्यादा पडे. यांपैकी अनेक गीते पुढे विनाइलच्या लाँगप्ले संकलनांत आली. ऐकण्यास ही संकलने सोयीची आहेत. परंतु साधन म्हणून मूळ तबकडीचे स्थान वेगळे आहे, कारण तिचा क्रमांक आणि मॅट्रिक्स खुणा नंतरच्या संकलनात राहत नाहीत.

लाखेची तबकडी ठिसूळ असते आणि मद्यार्कात विरघळते. त्यामुळे विनाइलसाठी मिळणारी मद्यार्कयुक्त द्रावणे तिच्यावर कदापि वापरू नयेत. तिची खाच रुंद असल्याने लाँगप्लेची बारीक सुई तिला चालत नाही, त्यासाठी स्वतंत्र सुई लागते. दोन्ही प्रकारच्या तबकड्या उभ्या ठेवाव्यात, एकावर एक रचू नयेत. आपल्या भागातील उन्हाळा पाहता पत्र्याच्या छताखालील माळा ही विनाइलसाठी सर्वांत घातक जागा होय, कारण उष्णतेने ती वाकते.

निष्कर्ष

सी. रामचंद्र ५ जानेवारी १९८२ रोजी निवर्तले. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मकथन त्यांनी मागे ठेवले. चिक चॉकलेट १९६७ मध्येच गेले. एकाचे नाव आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात अभिमानाने घेतले जाते, ते योग्यच आहे. दुसऱ्याची ओळख मात्र तबकडी ऐकणाऱ्यावर अवलंबून राहिली. संगीताच्या इतिहासात सहकार्याने झालेल्या निर्मितीचे श्रेय एका नावावर जमा होण्याची प्रवृत्ती सर्वत्र दिसते. तिला छेद देण्याचे सामर्थ्य या ध्वनिमुद्रिकांत आहे.

या दृष्टीने महाविद्यालयांच्या इतिहास व संगीत विभागांना फार खर्चाशिवाय करता येण्यासारखे एक कार्य आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या गावातील घरांत उरलेल्या तबकड्यांची नोंद करावी : लेबल, क्रमांक, मॅट्रिक्स खूण, ऐकू येणारी वाद्ये, तबकडी कोठून व केव्हा आली याची कुटुंबातील आठवण. तबकड्या मालकांकडेच राहू द्याव्यात, नोंदी मात्र एकत्र याव्यात. पुणतांब्यासारख्या रेल्वे स्थानकाच्या गावी मुंबईहून येणाऱ्या पेट्यांतून काय काय आले, कोणते संगीत कोणत्या घरात पोहोचले, याचा नकाशा अशा नोंदींतूनच तयार होऊ शकेल. कागद नष्ट झाले आणि साक्षीदार गेले, तरी खाचा अजून बोलतात. त्या झिजण्यापूर्वी ऐकून लिहून ठेवणे, एवढेच आता आपल्या हाती आहे.